पाणी कुठवर येतंय

"एक, चारशे पंच्याऐंशी," दुर्बिणीला लावलेला डोळा न काढता हर्षद म्हणाला. "लिही, तोडकर."

मी लिहिलं, एक मीटर चारशे पंच्याऐंशी मिलिमीटर. डिसेंबरचं ऊन होतं, साडेअकरा वाजले होते, आणि कातळवाडीच्या डोंगराला वळसा घालणाऱ्या पायवाटेवर एका काळ्या खडकापाशी आमचं काम चाललं होतं. खडकावर सात-आठ पावलांच्या अंतरावर शिदूमामा चार मीटरची पट्टी उभी धरून होते.

"लाल दावू का?" मामांनी विचारलं.

"नको, झालं. पुढं चला."

मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि ते पट्टी खांद्यावर टाकून पुढे निघाले.

सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला दहा दिवसांचा सर्व्हे कॅम्प असे. साठ जणांच्या वर्गात आम्ही दोन मुली. चौघांचा एक गट, पण आमच्यातला चौथा ताप येऊन घरी गेला होता, त्यामुळे उरलो तिघं. हर्षद बुधकर वर्गात पहिला यायचा, म्हणून लेव्हलची दुर्बीण त्याच्याकडे. इक्बाल मुजावर दुर्बिणीचं तिकाटणं उचलायचा, छत्री धरायचा आणि सगळ्यांना हसवायचा. वही माझ्याकडे, कारण मुलींचं अक्षर चांगलं असतं असा सगळ्यांचा समज होता. नऊ दिवसांत मी त्या दुर्बिणीला दोनदा हात लावला होता आणि दोन्ही वेळा ती पेटीत होती.

कामात अवघड काही नव्हतं. दुर्बीण समतल ठेवायची, मागच्या ठिकाणी उभ्या केलेल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा, मग पुढच्या ठिकाणचा. वजाबाकी केली की कोणतं ठिकाण किती उंच ते कळतं. असं टप्प्याटप्प्याने शेवटपर्यंत जायचं आणि त्याच वाटेने मोजत परत यायचं. जाताना आणि येताना उत्तर एकच यायला हवं. थोडा फरक चालतो. आम्हाला पंचवीस मिलिमीटर चालणार होता.

एरवी कॅम्पमध्ये आम्ही उगाचच टेकड्या मोजायचो. या वेळी गुळवणी सरांनी शेवटच्या दिवसाचं काम गावाला विचारून ठरवलं होतं. कातळवाडीत चाळीस घरं. पाणी वाघजाईच्या झऱ्याचं, तो डोंगराच्या पलीकडच्या अंगाला सहाशे मीटरवर. बायका दिवसातून चार-पाच खेपा करायच्या. गावाला त्या वर्षी सरकारी पाइप मंजूर झाले होते, पण चर गावाने खणायचा होता आणि मार्चअखेर पाइप जमिनीत गेले नाहीत तर ते दुसऱ्या गावाला जाणार होते. सरपंचांचा प्रश्न एकच होता. झऱ्याचं पाणी आपलं आपण वाहत देवळापुढे येईल का? आलं, तर तिथे टाकी. इंजिन वगैरे चालवणं गावाला झेपणारं नव्हतं.

दुपारी देवळाच्या पारावर आम्ही डबे उघडले.

"दीड वर्षानं मी टेक्सासला," हर्षद म्हणाला. "गुळवणी सरांचं शिफारसपत्र मिळालं की झालं. त्यांचा शब्द तिथले दोन प्रोफेसर मानतात."

"मी दुबईला चुलत्याच्या साइटवर," इक्बाल म्हणाला. "तिथं ऊन असलंच, पण पगार बरा. तोडकर, तुझं काय?"

"बघू."

"बघायचं काय त्यात? सिव्हिलच्या मुलीला दोन रस्ते. कॉलेजात शिकवायचं नाहीतर ऑफिसात ड्रॉइंग काढायचं."

"तिसरा राहिला," हर्षद म्हणाला. "इंजिनियरशी लग्न करायचं."

माझ्या वडिलांनीही ॲडमिशनच्या वेळी मला हेच दोन रस्ते सांगितले होते, त्यामुळे इक्बालचा राग आला नाही. हर्षदचा आला. पण डबा त्याच्या आईने एसटीने पाठवलेला होता आणि त्यात पुरणपोळी होती, म्हणून मी गप्प बसले.

दुपारी परतीचं मोजमाप झालं. साडेतीनला शाळेच्या खोलीत बसून मी बेरजा केल्या. जातानाच्या हिशेबाने देऊळ झऱ्यापेक्षा एकाहत्तर सेंटिमीटर खाली होतं. येतानाच्या हिशेबाने ते अठ्ठावीस सेंटिमीटर वर होतं. मी बेरजा पुन्हा केल्या. तेच आलं.

इक्बालने शीळ घातली. "पंचवीस मिलिमीटर चालतं ना? आपलं जवळजवळ मीटरभर गेलं."

"पाचला वह्या द्यायच्यात," हर्षद म्हणाला. "पुन्हा मोजायला वेळ नाही. जातानाचं बरोबर आहे. मी ताजा होतो, उजेड चांगला होता. येताना ऊन डोळ्यावर आलेलं, मामाही दमलेले. येतानाचं जुळव."

वही जुळवणं हा आमच्या कॉलेजातला जुना रिवाज होता. फरक जास्त आला की परतीचे आकडे असे बदलायचे की फरक मावला पाहिजे. सगळे करायचे. सीनियर शिकवायचे आणि ज्युनियर त्यात भर घालायचे. त्या नऊ दिवसांत मी यात इतकी तयार झाले होते की दुसऱ्या गटांतली मुलं सल्ल्याला येत. सगळा फरक एकाच आकड्यात घालायचा नाही, तीन-चार आकड्यांत वाटायचा. खाडाखोड करायची नाही, पान नव्याने उतरवायचं आणि पेनही तेच वापरायचं. आणि शून्य आणायचं नाही. शून्य बघितलं की सरांच्या भुवया वर जातात.

मी चाळीस मिनिटांत फरक चार मिलिमीटरवर आणला. मला वाईट वाटलं नाही, हे इथे लिहून ठेवते. पान देखणं झालं होतं आणि मला त्याचा अभिमान वाटला.

सूर्य मावळायच्या सुमाराला देवळापुढे सगळी वाडी जमली. गुळवणी सर बोलायला उभे राहिले. ते एरवी मोजकं बोलणारे, पण त्या दिवशी खुलले होते.

"देऊळ झऱ्यापेक्षा एकाहत्तर सेंटिमीटर खाली आहे," ते म्हणाले. "म्हणजे पाणी येणार. आमच्या मुलांनी जाऊन-येऊन मोजलंय, दोन्हींत फरक फक्त चार मिलिमीटर. तांदळाच्या दाण्याएवढासुद्धा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरपंचांनी तिथल्या तिथे जाहीर केलं की उद्याच सकाळी नऊला नारळ फोडायचा, प्रत्येक घरातून एक माणूस कुदळ-पहार घेऊन यायचा आणि खडक लागेल तिथे सुरुंग न लावता छिन्नीने फोडायचा. अडीच महिन्यांत चर पुरा.

गर्दी पांगताना एक म्हातारी माझ्याजवळ आली. हौसाबाई तिचं नाव. कॅम्पभर ती आम्हाला ताक द्यायची. तिने माझ्या ओंजळीत भाजलेल्या शेंगा ओतल्या.

"तूच लिवत हुतीस न्हवं समदं?"

"हो, मावशी."

"मग तुला ठावं आसंल. खरंच यील का गं पानी? एकेचाळीस वर्सं झाली मला ह्या वाडीत यून. माजं झालं. पर सुनंच्या डोस्क्यावरची घागर उतरली पायजे."

"येईल," मी म्हणाले.

शेंगा घेऊन मी शाळेत आले. शिदूमामा ओसरीवर बसून फडक्याने पट्ट्या पुसत होते. मामा कॉलेजच्या सर्व्हे विभागात शिपाई होते. बावीस वर्षं कॅम्पमध्ये पट्टी धरत आलेले. मी त्यांच्यापुढे शेंगा ठेवल्या. त्यांनी एक फोडली, खाल्ली, आणि दुसरी नुसतीच बोटांत फिरवत राहिले.

"ताई, एक बोलू का? बोलायचं न्हाई माझं काम."

"बोला की, मामा."

"त्या काळ्या कातळापाशी बुधकरांनी आकडा काय वाचला?"

मी वही उघडली. "एक, चारशे पंच्याऐंशी."

मामा उठले. पट्टी भिंतीला टेकवून शेजारी उभे राहिले आणि बोट ठेवलं. "एक चारशे पंच्याऐंशी हितं येतंय. माझ्या गळ्यापाशी. आनि दुर्बीण तवा माझ्या टोपीच्या वरनं बघत हुती. मी समोर हुतो ना. भिंग मला डोळ्यानं दिसत हुतं."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

पट्टीवर मीटरचे आकडे लाल असतात. पट्टी फार जवळ असली की दुर्बिणीत तिचा वीतभरच तुकडा दिसतो आणि लाल आकडा त्यात येत नाही. अशा वेळी पट्टीवाल्याला पट्टी हळूहळू वर उचलायला सांगायची, लाल आकडा दिसेपर्यंत. यालाच मामा लाल दावणं म्हणत. हर्षदने ते केलं नव्हतं. तो आकडा एक नव्हता, दोन होता. जातानाच्या मोजणीत बरोबर एक मीटर चुकला होता, आणि मी जुळवून खोटी केली होती ती परतीची मोजणी खरी होती. देऊळ झऱ्यापेक्षा वर होतं. पाणी येणार नव्हतं.

"मामा, तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

"मागं एकदा बोललो हुतो एका पोराला. पंधरा वर्सं झाली त्याला. त्यो म्हनला, तू पट्टी धर. सरबी तिथंच हुते, काय म्हनले न्हाईत. तवापास्नं मी पट्टी धरतो." त्यांनी पट्टी खाली ठेवली. "पर आज म्हातारीला तुमी यील म्हनलात. ते मी ऐकलं."

हर्षद शाळेमागे हात-पाय धूत होता. मी त्याला सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. हुशार होता, एका वाक्यात त्याला पटलं, आणि मग त्याचा चेहरा पडला.

"सरांना सांगितलंस?"

"अजून नाही."

"सांगू नकोस. वही जुळवली हे कळलं तर तिघांची टर्म जाईल. माझं शिफारसपत्रही गेलं समज."

"आणि गाव?"

"तोडकर, असल्या वाड्यांत नारळ फुटतो, चार दिवस हौसेनं खणतात आणि सोडून देतात. कोण खणतंय सहाशे मीटर कातळ?"

"आणि खणलं तर?"

त्याने पुन्हा तोंडावर पाणी मारलं. तो वाईट मुलगा नव्हता. घाबरला होता, आणि मीही घाबरले होते. टर्म गेली तर वडील काय म्हणतील हे मला नीट माहीत होतं. दोनपैकी एकही रस्ता उरला नाही, असं ते म्हणाले असते.

सकाळी सहाला मी शिदूमामांना उठवलं. ते उठलेलेच होते, टोपी घालून बसले होते. पेटी मी उचलली, तिकाटणं आणि पट्टी त्यांनी. शाळेच्या पायरीवर इक्बाल स्वेटर चढवत उभा होता.

"लिहायला कोण आहे तुला?" त्याने विचारलं.

"तुझं अक्षर फार वाईट आहे, इक्बाल."

"म्हणून तर. कुणाला जुळवता येणार नाही."

झऱ्यापाशी दव पडलं होतं. मी तिकाटणं मांडलं, दुर्बीण चढवली आणि स्क्रू फिरवायला लागले. समतल दाखवणारा बुडबुडा मधे थांबायला तयार होईना. उजवीकडे आणला की पुढे जायचा, पुढचा मागे आणला की डावीकडे पळायचा. स्क्रू थंडीने आखडलेत, असं मी इक्बालला सांगितलं.

"ताई," मामा लांबून म्हणाले, "डावा आंगठा बघा. आंगठा जिकडं फिरंल, बुडबुडा तिकडं जातोय."

तीन वर्षं शिकून हे मला कुणी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं तेव्हा मी दुसऱ्या बाकावर वही लिहीत होते. मी डावा अंगठा बघितला. बुडबुडा मधे येऊन थांबला.

दुर्बिणीतून जग उलटं दिसायचं. पट्टी वरून खाली लोंबत होती आणि मामा टोपीवर उभे होते. पहिला आकडा वाचायला मला पाच मिनिटं लागली, दुसरा तीन मिनिटांत झाला. काळ्या कातळापाशी मी स्वतःहून म्हणाले, "मामा, लाल." त्यांनी पट्टी सावकाश वर उचलली आणि त्या उलट्या चौकोनात लाल दोन सरकत आला. पट्टी मामांनी गरजेपेक्षा थोडी जास्त वेळ धरून ठेवली.

देवळापाशी पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते. माणसं कुदळी घेऊन उभी होती. बायकांनी चराच्या जागी रांगोळी घातली होती. सरपंचांच्या हातात नारळ होता. गुळवणी सर इस्त्रीच्या शर्टात पुढे उभे होते आणि त्यांच्या शेजारी आमचा वर्ग, त्यात हर्षद. मी त्या सगळ्यांदेखत देवळापुढच्या फरशीवर शेवटचा आकडा वाचला आणि इक्बालच्या किड्यामुंग्यांसारख्या अक्षरावरून बेरीज केली.

"काय चाललंय, तोडकर?" सरांनी विचारलं.

"सर, देऊळ झऱ्यापेक्षा सत्तावीस सेंटिमीटर वर आहे. इथे पाणी येणार नाही. काल एक रीडिंग मीटरने चुकलं होतं. परतीचं बरोबर होतं, पण ते मी जुळवलं. वही खोटी आहे."

एवढं बोलायला किती वेळ लागला कुणास ठाऊक. मला लाज वाटत होती. सरांकडे मी बघितलंच नाही, नारळाकडे बघत होते.

सरपंच म्हणाले, "काल येत हुतं आनि आज येत न्हाई. एका रातीत डोंगूर हलला म्हनायचं?"

मागे कुणीतरी हसलं. मग ते हसूही थांबलं. एका माणसाने खांद्यावरची कुदळ काढून खाली ठेवली आणि शेजारच्यानेही ठेवली. मला वाटलं होतं लोक रागावतील. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल असं काही नव्हतंच. पाणी येणार नाही हे त्यांनी आजवर बऱ्याच जणांकडून ऐकलेलं होतं.

तेवढ्यात बायकांमधून हौसाबाई पुढे आली. तिने रांगोळी ओलांडली नाही, वळसा घालून आली.

"हितवर येत न्हाई म्हनतीस," ती मला म्हणाली. "बरं. मग कुठवर येतंय?"

मी तिच्याकडे बघत राहिले. आम्हाला विचारलेला प्रश्न होता, देवळापुढे पाणी येईल का. आम्ही त्याचं उत्तर आधी हो दिलं होतं, आता नाही दिलं, आणि दोन्ही वेळा आमचं काम संपलं होतं. हा दुसरा प्रश्न कुणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"मावशी, थांबा जरा," मी म्हणाले.

झऱ्यापासून इथपर्यंत पाणी नीट वाहायला सत्तर सेंटिमीटर तरी उतार हवा. देऊळ सत्तावीस वर. म्हणजे देवळापेक्षा सत्त्याण्णव सेंटिमीटर, धरून चालू एक मीटर, खाली असलेली जागा हवी. दुर्बीण मी हलवली नाही. फरशीवरचा आकडा एक, तीनशे पन्नास होता. जागा जितकी खाली तितका आकडा मोठा, म्हणजे पट्टीवर दोन, तीनशे पन्नास दिसेल ती जागा.

"मामा, उताराला लागा. मी थांबा म्हणेपर्यंत."

मामा पट्टी घेऊन वाडीच्या बोळातून खाली निघाले. दहा पावलांवर पट्टी उभी केली. मी मान हलवली. आणखी दहा. पुन्हा मान हलवली. आता अर्धी वाडी त्यांच्या मागून चालत होती. म्हातारी सगळ्यांच्या पुढे, तोंडाने पावलं मोजत. लोहाराच्या पडक्या घराच्या जोत्यापाशी मामांनी पट्टी टेकवली आणि मी हात वर केला. मी न सांगताच मामांनी पट्टी वर उचलून लाल दाखवला.

"चाळीस," खालून हौसाबाईचा आवाज आला. "देवळापास्नं चाळीस पावलं."

"पर टाकी देवळापुढं पायजे हुती," सरपंच म्हणाले. "गावाची शोभा."

"देवाला काय कळशा वाहायच्यात?" हौसाबाई म्हणाली.

यावर बायका हसल्या आणि बायका हसल्यावर सरपंचांना पर्याय राहिला नाही. ते नारळ घेऊन खाली उतरले. तो लोहाराच्या जोत्यावर फुटला.

त्या दिवशी आम्ही परतीचंही मोजलं. फरक एकवीस मिलिमीटर आला. मोजताना सर पूर्ण वेळ माझ्यामागे उभे होते. संध्याकाळी त्यांनी मला शाळेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर माझ्या दोन्ही वह्या होत्या, कालची देखणी आणि आजची इक्बालच्या अक्षरातली.

"चुकीचे मी गुण कापतो," ते म्हणाले. "खोट्याला नापास करतो. तुला पुढच्या वर्षी ज्युनियरांबरोबर कॅम्प पुन्हा करावा लागेल."

"हो, सर."

"रीडिंग कुणी चुकवलं?"

"वही माझी होती, सर."

त्यांनी आग्रह धरला नाही. कोणत्या गटात दुर्बीण कोणाकडे असते ते त्यांना ठाऊक होतं. मी दारापर्यंत गेले आणि परत वळले.

"सर, वह्या जुळवलेल्या असतात हे तुम्हाला माहीत होतं?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अठरा वर्षं माहीत आहे. पण त्या आकड्यांवर कधी कुणी कुदळ मारली नव्हती." मग ते म्हणाले, "काल मी टाळ्या घेतल्या, तोडकर. चार मिलिमीटर बघूनच मला कळायला हवं होतं. तू नापास आहेस. मला नापास करणारं कुणी नाही, एवढाच फरक."

बसमध्ये हर्षद माझ्या शेजारी येऊन बसला. "माझं नाव घेतलं नाहीस," तो म्हणाला. मी खिडकीबाहेर बघत होते. त्याला शिफारसपत्र मिळालं. तो तिकडे मोठे पूल डिझाइन करतो आणि ते उत्तम उभे आहेत. दर दिवाळीला त्याचा निरोप येतो. इक्बाल दुबईला गेला आणि तीन वर्षांत परत आला, आता कराडजवळ घरं बांधतो. मी पाणीपुरवठ्यात गेले आणि चौतीस वर्षं तिथेच राहिले. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनी गुणपत्रिकेवरच्या त्या एका नापासावर बोट ठेवून विचारलं तेव्हा मी हे सगळं सांगितलं होतं, फक्त जरा थोडक्यात.

पण ते नंतरचं. पुढच्या डिसेंबरमध्ये सरांनी कॅम्प पुन्हा कातळवाडीलाच नेला. मी अंतिम वर्षाला, आणि माझ्या गटात माझ्याहून लहान तीन मुलगे. सरांनी सगळ्यांदेखत सांगितलं की या गटात दहाही दिवस दुर्बीण तोडकरकडे राहील. वही लिहायला एक मुलगा ठेवला. त्याचं अक्षर बरं होतं. फरक किती आला यावर त्या वर्षीपासून गुण नव्हते. फरक लपवला तर नापास, एवढंच सरांनी फळ्यावर लिहिलं होतं.

पहिल्याच सकाळी मी लोहाराच्या जोत्यापाशी गेले. टाकी झाली होती, साधी, सिमेंटची, दोन नळांची. एका नळाखाली हौसाबाई घागर भरत होती. पाण्याची धार मनगटाएवढी नव्हती, अंगठ्याएवढी होती, पण थांबत नव्हती. मी ती बघत उभी राहिले आणि मला रडू आलं. डोळे मी पदराने पुसले नाहीत, कारण मी पँट घातली होती.

"आलीस व्हय," हौसाबाई म्हणाली. "शिदू म्हनत हुता, तू नापास झालीस म्हून."

"झाले."

"कशात?"

"पाणी कुठं येतं ते मोजण्यात."

तिने नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "मग पास झाल्याली पोरं काय करत्यात?"

"त्यातली बरीच अमेरिकेला जातात."

"का? तिथं पानी न्हाई?"

घागर भरली होती. हौसाबाईने चुंबळ डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, "हात लाव."

मी घागर उचलून तिच्या डोक्यावर ठेवली, आणि ती चाळीस पावलं चढून देवळाशेजारच्या आपल्या घरी गेली.